मुळशीला या, पण चालायला या

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी पौड रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहून पाहा. चांदणी चौकातून निघालेली मोटारींची रांग भूगाव, भुकूम मागे टाकून पिरंगुटचा घाट उतरते आणि कासार आंबोलीच्या बाजूने पौड, मुळशी, ताम्हिणीकडे सरकत राहते. संध्याकाळी तीच रांग उलट दिशेने परतते. परतणाऱ्यांपैकी काही मंडळी दर रविवारी माझ्या दवाखान्याची पायरी चढतात. कोणाचा घोटा मुरगळलेला असतो, कोणाला घाटातल्या वळणांनी उलट्या झालेल्या असतात, कोणी शेवाळलेल्या खडकावरून घसरून गुडघा फोडून घेतलेला असतो. जखम धुताना मी सहज विचारते, ‘आज चालणे किती झाले?’ उत्तर बहुधा एकच असते. गाडीतून उतरलो, धबधब्यापाशी गेलो, फोटो काढले, भजी खाल्ली आणि परत गाडीत बसलो.

पूर्वी डॉक्टर मंडळी आजारातून उठलेल्या माणसाला हवापालट करायला सांगत. मीही सांगते, परंतु दोन अटींवर. पहिली अट अशी, की जेथे जाल तेथे पायांनी चालावे. दुसरी अशी, की ज्या जमिनीवर चालतो तिच्यावर काय घडून गेले, ते जाणून घ्यावे. पहिली अट डॉक्टरने घालावी यात नवल नाही. दुसरी का घालते, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

सुरुवात गावापासून

सहल मुळशीच्या जलाशयापासून सुरू करू नका, कासार आंबोलीपासून करा. सावंतवाडीजवळची धुक्याची आंबोली ही नव्हे. हे मुळशी तालुक्यातले, पिरंगुटच्या पलीकडचे गाव. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा याच गावात आहे. मुलींना घोड्यावर बसायला आणि डोंगर चढायला शिकवणारी शाळा आपल्या शेजारी आहे, एवढे ऐकूनही सोबतच्या लेकीचे डोळे चमकतील.

गावाभोवती औद्योगिक शेड आहेत, नव्या इमारती आहेत, प्लॉटिंगचे फलक आहेत. तरीही डोंगराच्या कडेने भातखाचरे उरली आहेत आणि त्यांच्या बांधांवरून चालता येते. आश्विनात आलात तर भात पोटरीतून बाहेर पडून वाकू लागलेला दिसतो. आंबेमोहर असेल तर सकाळच्या दवात त्याचा वास येतो. हा सुवासिक, आखूड दाण्याचा तांदूळ मुळशी खोऱ्याची जुनी ओळख असून त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. बांधावरून चालताना पाऊल जपून टाकावे लागते, एकामागून एक चालावे लागते, तोल सांभाळावा लागतो. साठीनंतर पडून हाड मोडण्याची भीती ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी तोल सांभाळण्याचा याहून स्वस्त व्यायाम नाही. अर्थात खाचर दुसऱ्याचे आहे. मालकाला विचारून जावे आणि पीक तुडवू नये.

वर पाहिले की गवताळ उतार दिसतात. भाद्रपदात त्यांवर सोनकी आणि तेरडा फुलतो. कार्तिकात गवत कमरेपर्यंत वाढते, पौषात ते पिवळे पडते आणि फाल्गुनात कोठे कोठे वणव्याने काळे झालेले असते. एकच डोंगर वर्षात चार रंग पालटतो. मुलांना महिन्याच्या अंतराने दोनदा येथे आणा. ऋतू म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकाविना कळेल.

पाण्याखालचे खोरे

पौडनंतर रस्ता मुळशी धरणाकडे जातो. पुढे जलाशय उजाडतो आणि सर्वांच्या तोंडून एकदम उद्गार निघतो. तो निघावा असेच ते दृश्य आहे. मात्र येथे गाडी थांबवून मुलांना एवढे अवश्य सांगा, की या पाण्याखाली गावे आहेत.

मुंबईच्या गिरण्यांना आणि वाढत्या शहराला वीज हवी होती. त्यासाठी टाटा कंपनीने नीला आणि मुळा या नद्यांचे पाणी येथे अडवण्याची योजना आखली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने जमीन मिळवून द्यायची, असा तो बेत होता. पन्नासच्या आसपास गावे, हजारो माणसे आणि आंबेमोहर पिकवणारी खाचरे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. काम थांबले. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे पुढारी. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. पुण्यातल्या सेनापती बापट रस्त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते?

लढा सुमारे तीन वर्षे चालला. मावळे तुरुंगात गेले, त्यांच्या स्त्रियाही गेल्या. दुसऱ्या बाजूला, ज्यांची नावे सातबाऱ्यावर होती पण ज्यांचे हात मातीत नव्हते, अशा पुण्यातल्या अनेक सावकार-मालकांना जमिनीपेक्षा मोबदला बरा वाटू लागला. एकजूट विस्कटली. बापट तीनदा तुरुंगात गेले आणि शेवटची शिक्षा सात वर्षांची झाली. धरण पुरे झाले. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर पुस्तक लिहिताना त्याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटले आहे.

आता या पाण्याचा प्रवास पाहा. मुळा पुण्यात मुठेला मिळते, पुढे भीमेला आणि कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. मुळशीला अडवलेले पाणी मात्र सह्याद्रीचा कडा ओलांडून पश्चिमेला, कोकणातल्या भिरा येथील वीजगृहावर सोडले जाते. वीज निर्माण करून ते कुंडलिका नदीला मिळते आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्रात पोहोचते. कोलाडला सकाळच्या वेळी रबरी होड्यांतून जे साहसी नौकानयन चालते, ते वीजगृहातून सुटणाऱ्या याच पाण्याच्या जोरावर. तुमच्या मुलाने कोलाडला होडीत बसून आनंदाने आरोळी ठोकली असेल, तर ती मुळशीच्या बुडालेल्या खाचरांवरच्या पाण्याने दिलेली आहे. आनंद घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. ऋण माहीत असावे, एवढेच.

गवताळ राज्यातले दुसरे सरोवर

हे फक्त आपल्याकडे घडले असेही नाही. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत अशा वाचकांपैकी काही जण कधी उत्तर डकोटा या प्रेअरीच्या, म्हणजे विस्तीर्ण गवताळ प्रदेशाच्या, राज्यात गेले असतील. तेथे सॅकाकाविया नावाचे प्रचंड सरोवर आहे. लोक मासेमारीला, नौकाविहाराला, तंबू ठोकून राहायला तेथे जातात. जवळच नाईफ रिव्हर येथे मूळ रहिवाशांच्या मातीच्या घरांच्या जुन्या वसाहतींचे राष्ट्रीय स्मारक आहे. सुट्टीला निसर्ग आणि इतिहास दोन्ही.

हे सरोवरही धरणाचेच. मिसूरी नदीवरचे गॅरिसन धरण १९५३ साली अडवले गेले, तेव्हा मंडान, हिदात्सा आणि अरिकारा या तीन जमातींची नदीकाठची सर्वांत सुपीक जमीन पाण्याखाली गेली. तेथे ते मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पिकवीत असत. १९४८ मध्ये करारावर सही होत असताना त्यांच्या परिषदेचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट चेहरा झाकून रडत आहेत, असे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. एल्बोवुड्स या त्यांच्या गावाबरोबर तेथले रुग्णालयही बुडाले. त्याच्या बदल्यात नवे आरोग्यकेंद्र उभे राहायला अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला. माळावर विस्थापित झालेल्या त्या माणसांचे शेतातले कष्ट संपले आणि ताज्या भाज्यांच्या जागी डबाबंद शिधा आला. आज अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमध्ये मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. त्याची कारणे अनेक आहेत, पण जमिनीपासून तुटणे हे त्यांतले एक आहे, असे मला एक डॉक्टर म्हणून वाटते. कारण त्याच कारणाचे रुग्ण मी माझ्या टेबलासमोर पाहते.

‘जायचं कुठं?’

माझ्या रुग्णांत एक आबा आहेत. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या आजीचे माहेर धरणात गेलेल्या गावातले. आबांची स्वतःची जमीन अलीकडे शिल्लक होती. तीही काही वर्षांपूर्वी मुलांनी विकली. पैसे आले, घर झाले, दारात गाडी आली. पाच वर्षांत आबांचे वजन वाढले आणि रक्तातली साखर वाढली. पायांना मुंग्या येऊ लागल्या.

मी नेहमीप्रमाणे म्हणाले, ‘आबा, रोज अर्धा तास चालायचं.’

आबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘डॉक्टरबाई, चालतो की. पण जायचं कुठं? आधी पाणी बघायला जायचो, बैल सोडायला जायचो. आता रस्त्याला लागलं की गाड्या अंगावर येतात. कामाबिगर चालायचं म्हंजे येड लागल्यागत वाटतं.’

मी तीस वर्षे चालण्याचा सल्ला देत आले आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम करण्यास सांगते, हे मला तोंडपाठ आहे. परंतु चालायला वाट आणि कारण दोन्ही लागते, हे मला आबांनी शिकवले. शहरातला माणूस पैसे मोजून, पेट्रोल जाळून ज्या डोंगरात चालण्याची संधी शोधायला येतो, त्याच डोंगरातला माणूस चालणे हरवून बसला आहे. तुमच्या मोटारींची रांग ज्या रस्त्यावरून जाते, तोच आबांचा एकमेव चालण्याचा रस्ता आहे. म्हणून विनंती अशी, की गावातून जाताना वेग कमी ठेवा आणि भोंगा वाजवू नका. रस्त्याच्या कडेला काठी टेकत चालणारा म्हातारा दिसला, तर तो आपले औषध घेतो आहे असे समजा.

एक गड, बेताने

दुसऱ्या दिवशी गड चढा. पौडहून कोळवणमार्गे तिकोन्याच्या पायथ्याशी जाता येते. तालुका बदलतो, पण कुटुंबासाठी हा गड सोयीचा आहे. त्रिकोणी आकारामुळे तिकोना हे नाव पडले, वितंडगड हे त्याचे दुसरे नाव. सुमारे साडेतीन हजार फूट उंचीच्या या गडावर वाटेतच चपेटदान मारुती भेटतो. प्राचीन लेणी आहेत आणि शेवटी अंगावर येणाऱ्या उंच पायऱ्या आहेत. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत हाही होता आणि नंतर तो स्वराज्यात परत आला. माथ्यावरून पवना जलाशय दिसतो. तोही धरणाचाच. आता ते पाणी पाहताना तुमच्या मनात आपोआप एक प्रश्न येईल. तो आला, तर सहल सार्थकी लागली.

चढण्याचा वेग कसा ठरवावा? बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये, एवढाच दम लागू द्यावा. वाक्य मध्येच तुटू लागले की थांबावे. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, एकाएकी घाम असे काही झाले, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून पुढे जाऊ नये. बसावे, सोबतच्यांना सांगावे आणि थेट रुग्णालय गाठावे. ज्यांना हृदयविकार आहे, त्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

गुडघ्यांची परीक्षा उतरताना होते. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार सावरतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. लहान पावले टाका, काठी घ्या, घाई करू नका. नवे बूट गडावर पहिल्यांदा घालू नका. मधुमेह्यांनी तर मुळीच नाही, कारण त्यांना फोड आलेला कळत नाही. घरी आल्यावर तळवे उजेडात तपासावेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी. हात थरथरले, घाम फुटला, की आधी ती तोंडात टाकावी आणि कारण नंतर शोधावे.

निसर्गाचे नियम

आता थोडे कडू बोलते. दरवर्षी पावसाळ्यात ताम्हिणी आणि भिऱ्याच्या परिसरात धबधब्यांच्या डोहांत तरुण मुले बुडतात. पुणे शहरात वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीत त्याच्या कितीतरी पट अधिक पडतो. खाली ऊन असले तरी वर कोसळलेल्या पावसाचे पाणी काही मिनिटांत ओढ्याला येते. पाण्याचा रंग गढूळ झाला किंवा पालापाचोळा वाहत येऊ लागला, की त्या क्षणी काठ गाठावा. मद्य घेतलेल्या माणसाला पाण्याजवळ जाऊ देऊ नये, मग तो कितीही जवळचा नातलग असो. पोहता येणे आणि डोहात उतरणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

साप चावल्यास जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर प्रतिविष हाच उपाय असून ते सरकारी रुग्णालयात मिळते. चावलेला अवयव हलू न देता रुग्णाला धीर द्या आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. घाटात पुष्कळ ठिकाणी फोन लागत नाही. म्हणून कोठे चाललो आणि केव्हा परतणार, हे गावात कोणाला तरी सांगून निघावे. पायाला जखम असताना भातखाचराच्या चिखलात अनवाणी उतरू नये, लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच वाटेने शिरतात. गवतात लोळून आल्यावर अंघोळ करून कपडे धुवावेत. दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना ‘आम्ही डोंगरात गेलो होतो’ हे आवर्जून सांगावे. अंगावर कोठे काळी खपली दिसल्यास तीही दाखवावी. स्क्रब टायफससारखा आजार एवढ्या माहितीवर वेळेत ओळखता येतो.

जेवण शक्यतो गावातल्या घरगुती खानावळीत घ्या. पिठले, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी आणि हंगामातली भाजी पोटाला सोसते, आणि तुमचे पैसे ज्यांच्या वाटेवरून तुम्ही चालता त्यांच्या घरात जातात. परतताना दोन किलो आंबेमोहर घ्या आणि आपला कचरा आपल्याच पिशवीत घाला.

मागच्या दिवाळीत माझी भाची मुंबईहून आली होती. तिला जलाशय पाहायचा होता. मी आबांना विचारले, ‘येता का सोबत?’ ते टोपी घालून तयारच होते. काठावर गाडी लांब उभी करून आम्ही पाऊण तास चाललो. आबा पुढे, मुले मागे. एका वळणावर ते थांबले, काठी पाण्याकडे धरली आणि म्हणाले, ‘तिकडं. तितं आमच्या आजीचं घर हुतं.’ भाचीच्या मुलाने विचारले, ‘आजोबा, किती खोल?’ आबांनी त्याच्याकडे पाहिले. ‘ते नाय ठावं,’ म्हणाले, ‘पर वाट सांगाय यील.’ आणि पाण्याखाली गेलेल्या त्या वाटेवर कोठे चढ होता, कोठे विहीर होती, कोठे आंबा होता, हे त्यांनी आजीकडून ऐकलेले सारे त्या मुलाला सांगितले.

परतताना मी त्यांची पावले पाहत होते. पायांत मुंग्या असलेला तो माणूस त्या दिवशी एकदाही बसला नव्हता. आता शाळेच्या सुट्टीत नातवाला घेऊन ते महिन्यातून एकदा काठावर जातात. साखर अजून हवी तेवढी उतरलेली नाही, गोळ्या चालू आहेत. पण ‘जायचं कुठं?’ हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारलेला नाही.